रंगाचा तिसरा हात

ऑक्टोबर लागला की दुकानात येणारा प्रत्येक ड्रायव्हर तोच एक विषय घेऊन येतो. यंदाच्या हिवाळ्याला रिम कोणत्या, लोखंडी की अल्युमिनियमच्या? आमच्या हर्स्ट गावच्या लोकांचं एक वेळ देवाबद्दल एकमत होईल, रिमबद्दल होणार नाही. मी छत्तीस वर्षं ट्रकच्या चाकांचं काम करतोय आणि तेच ते ऐकून माझे कान किटलेत. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टनांनी मीठ ओततात. बर्फ वितळतो आणि त्याच्यामागून ट्रकही वितळायला लागतात. खाल्ल्या मिठाला माणूस जागतो म्हणतात. आमच्या रस्त्यावरचं मीठ कुणालाच जागत नाही.

आदेलार माझा मेहुणा. माझी बायको मारिएत, तिचा धाकटा भाऊ. तीस वर्षं लोकांचे ट्रक हाकले आणि बावन्नाव्या वर्षी त्यानं स्वतःचा घेतला. जुनाच होता, पण स्वतःचा. लाल. दारावर नाव रंगवून घेतलं त्या दिवशी तो दुकानात आला तो थेट माझ्या खुर्चीवर बसला.

"रोझेर, मला अल्युमिनियमच्या रिम पाहिजेत. आरशासारख्या. तोंड दिसलं पाहिजे त्यात."

"तुझं तोंड? आणि ते बघून करणार काय?"

"मेहुण्या, चेष्टा पुरे. तीस वर्षं गंजकी चाकं बघितली. आता माझ्या ट्रकची चाकं चमकणार."

"चमकतील ना, जानेवारीपर्यंत चमकतील. मग फोड येतील, पांढरे. खारं पाणी रिम नि ती ज्यावर बसते त्या लोखंडी हबच्या मधे शिरतं, अल्युमिनियम आणि लोखंड एकमेकांना चावून बसतात. मार्चमध्ये चाक निघत नाही. मग घण घेऊन कोण बडवतं? तू? तू तर कॉफी पीत बसतोस."

"मग काय करू?"

"आहेत त्याच लोखंडी ठेव. लोखंड गंजतं ते तोंडावर गंजतं, लपवाछपवी नाही. मी सगळ्या खरवडतो, अस्तर मारतो, वर दोन हात रंग. दहा हिवाळे बघायला नको."

त्याला चमकच हवी होती, हे मला दिसत होतं. मग उठला आणि म्हणाला, "ठीक आहे बाबा. चाकातलं तुला कळतं."

हे त्याचं वाक्य मी आता रोज ऐकतो. तो काही म्हणत नाही, माझं मीच ऐकतो.

अठरा रिम होत्या. सोळा ठीक निघाल्या. मागच्या डाव्या जोडीनं मात्र माझं डोकं फिरवलं. नटांच्या भोकांभोवती, जिथे एक रिम दुसरीला चिकटून बसते तिथे, गंज खोल गेला होता. मीठ नेमकं त्या फटीत शिरलं होतं. आता आमच्या धंद्यात एक नियम आहे, आणि तो मीच चार जणांना शिव्या घालून शिकवलेला आहे. रिम जिथे दुसऱ्या लोखंडाला टेकते त्या जागी जुना रंग पूर्ण काढायचा आणि नवा मारायचाच तर एकच, पातळ हात. कारण नट कितीही आवळा, मधला जाड रंग दबतो, चुरतो. रंग जेवढा दबला तेवढा नट सैल. मग पुन्हा आवळा, रंग पुन्हा दबतो.

मला हे माहीत होतं. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

पण तो गंज मला बघवेना. मेहुण्याचा पहिला ट्रक, अल्युमिनियम नको म्हणून मीच छाती ठोकून सांगितलेलं, आणि पुढच्या वर्षी त्याच जागी तांबडे ओघळ दिसले तर तो जन्मभर हसेल. जुना रंग घट्ट बसलेला वाटला म्हणून मी तिथे तो पुरता खरवडला नाही. वर अस्तर मारलं. मग एक हात, दुसरा हात. आणि मग तिसरा. तिसरा प्रेमानं दिला, हे मी शपथेवर सांगतो. कौतुकानं सांगितलंसुद्धा त्याला.

"मागच्या डाव्या दोघींना तिसरा हात दिलाय. फुकट."

"बाप रे! ताईला सांगायला पाहिजे. नवरा दिलदार झाला म्हणावं, डॉक्टरला दाखव."

चौदा नोव्हेंबरला सकाळी मी चाकं चढवली. पुढे दोन एकेकटी चाकं, मागे आठ जोड्या; दहा ठिकाणी दहा-दहा, असे शंभर नट त्याच्यादेखत पान्यानं मापून आवळले. बिलावर निळा शिक्का मारला: शंभर किलोमीटरवर नट पुन्हा आवळावेत. आमच्याकडे प्रत्येक बिलावर तो असतो. कुणी वाचत नाही, पण करतात सगळे. चाक नवं चढवलं की ते बसायला थोडं अंतर घेतं, हे इथल्या शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे.

हर्स्टहून पश्चिमेला निघालं की बरोबर शंभर किलोमीटरवर ओमेरचा पेट्रोल पंप आहे. ओमेर मेला, पंप बंद पडून वीस वर्षं झाली, पण छप्पर उभं आहे, म्हणून सगळे तिथेच थांबतात. नट आवळतात आणि टायरवर खुणा करायचा जो पिवळा मेणखडू असतो, त्यानं ओमेरच्या पत्र्याच्या भिंतीवर आपली आद्याक्षरं आणि तारीख लिहितात. कुणी सुरू केलं माहीत नाही. छपराखाली असल्यामुळे वसंतापर्यंत ते टिकतं. काहीजण शेजारी एखादी शिवीही लिहून ठेवतात. बहुतेक माझ्या नावानं.

आदेलार त्याच दिवशी लाकडी फळ्या घेऊन पश्चिमेला थंडर बे शहराकडे गेला. तिसऱ्या दिवशी परत येताना, दुपारी दोनला, ऊन लख्ख पडलेलं असताना, त्याची मागची डावी, आमच्याकडे रस्त्याच्या मधल्या बाजूची, दोन्ही चाकं निघाली. एक खड्ड्यात गेलं. दुसरं समोरून येणाऱ्या गाडीच्या काचेतून आत गेलं. गाडीत लिझेत होती, बेकरीतली. एक्केचाळीस वर्षांची. पाव देताना प्रत्येकाला नावानं हाक मारणारी. ती मुलीला भेटायला त्याच रस्त्यावरच्या लाँगलॅक गावी निघाली होती.

आदेलार तिच्याजवळ चाळीस मिनिटं बसून होता, पोलीस येईपर्यंत. त्याबद्दल तो बोलत नाही आणि मीही विचारलेलं नाही.

दक्षिणेकडून एक तपासनीस आला. शांत, सभ्य माणूस. त्यानं मला पोलिसांच्या आवारात बोलावून ती दोन चाकं दाखवली. नट सैल झाल्यावर रिम डगमगत राहिली होती, भोकं अंडाकृती झाली होती, आणि जिथे माझे तीन हात होते ती जागा घासून घासून आरशासारखी लख्ख झाली होती. रंगाचा कणही नव्हता. आदेलारला हवी होती तशी चमक होती ती.

"रंग तुम्हीच दिला?"

"हो."

"किती?"

"नेहमीचा," मी म्हणालो.

त्यानं लिहून घेतलं. मग बिलावरचा निळा शिक्का बघितला, मान हलवली आणि विचारलं, "तुमचा मेहुणा शंभर किलोमीटरवर थांबला होता का?"

"ते त्याला विचारा."

त्याला विचारलं होतंच. आदेलार म्हणाला होता, थांबलोच असेन, तीस वर्षं थांबतोय. पण त्या दिवसाचं त्याला काही आठवत नव्हतं. लिझेतची गाडी आठवायची आणि त्याच्या आधीचं सगळं पुसलेलं. आठवायला बसला की ओमेरचा पंप दिसायचा, हातात पाना दिसायचा, पण तो यंदाचा की गेल्या वर्षीचा, ते कळायचं नाही. गावानं मात्र ठरवून टाकलं. उणे अठरा, वारा, नवा ट्रक, घाई. थांबला नसणार. कॅफेत तो आत आला की बोलणं थांबायचं. पहिल्यांदा हसणारे गप्प झाले, मग गप्प असणारे उठून जायला लागले. लिझेतची आई चर्चमध्ये त्याच्या पुढच्याच बाकावर बसायची आणि एकदाही मागे वळून बघायची नाही. बघून थुंकली असती तरी बरं झालं असतं, असं तो मारिएतला म्हणाला.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी एकटाच ओमेरच्या पंपावर गेलो. खरं सांगतो, भिंतीवर काही नसावं म्हणूनच गेलो होतो. काही नसतं तर तो थांबला नव्हता, नट सैल राहिले ते त्याच्यामुळे आणि मी सुटलो. माणूस किती हलकट असतो बघा, सख्ख्या मेहुण्याचा गुन्हा शोधायला मी शंभर किलोमीटर गाडी चालवत गेलो.

भिंतीवर होतं. डोळ्यांच्या उंचीवर, त्याच्या त्या डाव्या हाताच्या तिरक्या अक्षरात. आद्याक्षरं. चौदा नोव्हेंबर. खाली: शंभरच्या शंभर. आणि त्याच्याही खाली: रंग शाबूत. रोझेर जिंकला.

मी किती वेळ उभा होतो ते सांगता येणार नाही. पाय गार पडले तेव्हा भानावर आलो. तो थांबला होता. त्या थंडीत एकेक करून शंभर नट त्यानं आवळले होते आणि वर माझं कौतुक करायला हातमोजा काढला होता. त्यानं आवळल्यानंतरही माझा रंग दबत राहिला होता. लिझेतला मी मारलं होतं.

पुढे जे केलं ते रागाच्या भरात, घाबरून, चटकन झालं, असं म्हणायची मला सोय नाही. मेणखडू हातमोज्यानं पुसला जात नाही. मी चालत गाडीपर्यंत गेलो. मागचं दार उघडलं. थिनरची बाटली आणि चिंधी काढली. दार लावलं. परत चालत आलो. प्रत्येक पावलाला थांबता आलं असतं. मी ते सगळं पुसलं, शेवटची ओळ सगळ्यात शेवटी, आणि चिंधी बर्फात पुरली.

दुकान जाईल, ही भीती होती. मारिएत तोंड बघणार नाही, ही होती. पण सगळ्यात मोठी भीती लिझेतच्या आईची होती. ती वळून बघेल आणि माझ्याकडे बघेल, ही.

जानेवारीत निकाल लागला. ज्याच्या ट्रकचं चाक सुटलं तो दोषी, कारण काहीही असो, असाच कायदा असल्याचं वकिलानं आधीच सांगितलं होतं. त्यामुळे मी खरं बोललो असतो तरी त्याची शिक्षा टळली नसती, असं मी स्वतःला समजावत राहिलो. त्याचा परवाना गेला. लाल ट्रक गेला. नेणाऱ्यानं दारावरचं नाव तिथेच खरवडून काढलं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी तो आमच्याकडे जेवायला आला होता. मारिएतनं त्याला आवडतं म्हणून हॅम घालून वाटाण्याचं सूप केलं होतं. त्यानं दोन चमचे घेतले आणि चमचा खाली ठेवला.

"रोझेर. ओमेरची भिंत."

मी सूप ढवळत राहिलो.

"मी एवढा कसा रे गाढव? थांबलो असेन तर लिहिलं असेल ना! मी लिहितोच. एक वर्ष चुकवलेलं नाही."

"आता काय उपयोग त्याचा?" मी म्हणालो. "निकाल लागला."

"निकाल गेला खड्ड्यात. कोर्टासाठी नाही. मला कळायला पाहिजे. बायको विचारते, थांबला होतास का, मी म्हणतो माहीत नाही. आरशात बघतो, तोच प्रश्न. थांबलो असेन तर ते नशीब म्हणून पदरात घेईन, रडेन आणि जगेन. पण हे असं मधेच लटकणं नाही सहन होत. नेशील? मला तर गाडीही चालवता येत नाही आता."

"भिंतीवर काय राहतंय एवढ्या वादळात..."

"अरे, जा ना घेऊन त्याला!" मारिएत माझ्यावर ओरडली. "शंभर किलोमीटरचं काय कौतुक? एरवी मासे धरायला दोनशे जातोस."

गेलो. वाटेत तो बोलत होता. कितीतरी महिन्यांनी बोलत होता. भिंत छपराखाली आहे, वारा उत्तरेचा असतो, पत्रा दक्षिणेचा, टिकलं असणारच, असं काहीबाही. सव्वा तासात सांगायला मला हजार जागा होत्या. गाडी थांबवतो, आदेलार, तुला एक सांगायचंय. एवढी सहा शब्दांची गोष्ट. मी हीटर कमी-जास्त करत राहिलो.

गुडघाभर बर्फातून तो माझ्या पुढे पळत गेला. भिंतीवर बोट फिरवत एकेक नाव वाचू लागला. बारा तारखेचा फेर्नां. तेराचे दोघे. पंधराचा नॉर्मां, शेजारी माझ्यासाठी एक शिवी. तेरा आणि पंधराच्या मधे पत्रा नुसताच होता, बाकीच्यापेक्षा जरा स्वच्छ. तिथे त्याचं बोट थांबलं.

"इथे काही होतं का रे? पुसल्यासारखं वाटतं."

"बर्फ घासला असेल," मी म्हणालो.

त्यानं हातमोजा काढला आणि तळहात त्या जागेवर ठेवला. पत्रा एवढा थंड होता की कातडी चिकटली असती. मी त्याचा हात ओढून काढला.

"म्हणजे नाही थांबलो," तो म्हणाला.

तो ओमेरच्या बंद पंपाच्या कट्ट्यावर बसला आणि रडला नाही. नुसता बसला. बऱ्याच वेळानं उठला, माझ्याजवळ आला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"एक सांगू? तुला राग येईल."

"सांग."

"एवढे दिवस मनात तुझाच संशय होता, कुणाजवळ बोललो नाही एवढंच. तू तिसरा हात दिला होतास ना, मला वाटायचं, त्या रंगानंच घात केला असेल. ताईच्या घरी जेवायचो आणि तुझ्याकडे बघून हेच मनात यायचं. इतका मी नीच झालो होतो. माफ कर मला, रोझेर."

"जाऊ दे रे," मी म्हणालो. हो, मी हे म्हणालो. मी त्याला माफ केलं.

त्याला आता ट्रकवर कोणी घेत नाही, म्हणून मार्चपासून तो माझ्याच दुकानात येतो. मारिएतनंच सांगितलं, आणि मी कोणत्या तोंडानं नाही म्हणणार होतो? जुन्या रिम खरवडतो, अस्तर मारतो, रंग देतो. हात चांगला आहे त्याचा, नेटका. पण नटांच्या भोकांभोवतीची जागा मी त्याला करू देत नाही. तिथे रंग पातळ का, हे त्याला सांगितलं की त्याला सगळं कळेल. आणि न सांगता करू दिलं तर आणखी एक लिझेत मरेल. म्हणून रोज दुपारी त्याच्या रिम मी मागच्या खोलीत नेतो, दार लावतो आणि तेवढी जागा स्वतः खरवडतो.

परवा तो त्या दारात येऊन उभा राहिला. माझ्या हातात तारेचा ब्रश होता. मला वाटलं, आता विचारेल. विचारावं, असंही वाटलं.

"मला माहिती आहे तू हे मला का देत नाहीस," तो म्हणाला.

मी ब्रश खाली ठेवला.

"बरोबरच आहे तुझं. जो माणूस नट आवळायला थांबला नाही, त्याच्या हातात नटांची जागा कोण देईल? मला वाईट नाही वाटत. तू कर."

असं म्हणून त्यानं दार हळूच ओढून घेतलं, माझ्या कामात व्यत्यय नको म्हणून.